समुपदेशकाच्या दारात



गेल्या वर्षी ह्याच व्यासपीठावर मी एका निराळ्या विषयावर बोललो होतो. भाषण संपले, मंडळी पांगली, आणि मी मंडपाबाहेर आलो तो एक मध्यमवयीन गृहस्थ माझी वाट पाहत उभे. चार इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग आवाज जरा खाली आणून ते म्हणाले, "आमच्या एका मित्राला डॉक्टरांनी समुपदेशकाकडे जायला सांगितले आहे. तिथे नेमके काय करतात हो?" मित्र कोण, हे मी विचारले नाही. उत्तरही मोघमच दिले. घरी गेल्यावर मात्र त्या प्रश्नाने माझा पिच्छा सोडला नाही. दंतवैद्याकडे, वकिलाकडे, फार काय ज्योतिषाकडे प्रथमच जाणाऱ्या माणसालासुद्धा आत काय घडणार ह्याची साधारण कल्पना असते. समुपदेशकाच्या दारात मात्र शिकलेसवरलेले लोक डोळ्यांवर पट्टी बांधल्यासारखे उभे राहतात आणि पुष्कळसे तेथूनच परततात.

वस्तुतः ह्या पहिल्या भेटीला चांगला सव्वाशे-दीडशे वर्षांचा इतिहास आहे. त्या खोलीतील खुर्ची, ठरलेला तास, फी, मधूनच पडणारी शांतता, ह्यांतील बहुतेक गोष्ट कोणातरी माणसाच्या अनुभवातून, अडचणीतून, क्वचित फजितीतूनही आलेली आहे. तो इतिहास कळला म्हणजे दार थोडे किलकिले होते, असा माझा समज आहे. म्हणून आजचा विषय.

आरंभीच एक आक्षेप निकालात काढू. "हे सारे आमच्याकडे पूर्वीच होते, श्रीकृष्ण हाच पहिला समुपदेशक," असे सभांतून नेहमी ऐकू येते. मला हे विधान निम्मेच पटते. गीतेचा पहिला अध्याय आपण उघडून पाहावा. त्यात अर्जुन बोलतो, थरथरतो, घसा कोरडा पडल्याचे सांगतो, धनुष्य खाली ठेवतो. आणि श्रीकृष्णाच्या तोंडी संबंध अध्यायात अर्धी ओळ आहे, तीही समोरचे कौरव पाहा एवढीच. माझ्या मते समुपदेशन जर कोठे असेल तर ते ह्या पहिल्या अध्यायात आहे. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी भगवंत अर्जुनाला चांगलेच झाडतात, आणि पुढे उपदेश सुरू होतो. उपदेश थोर आहे. परंतु उपदेश आणि समुपदेशन ह्या दोन वस्तू वेगळ्या. आपल्या मराठी शब्दातच 'उपदेश' दडलेला असल्यामुळे हा घोटाळा अधिक झाला आहे.

आता व्हिएन्ना शहराकडे वळू. १८८० सालच्या डिसेंबरात योझेफ ब्रॉयर नावाचे नामवंत वैद्य एका सधन ज्यू कुटुंबातील एकवीस वर्षांच्या मुलीवर उपचार करू लागले. आजारी वडिलांची शुश्रूषा करता करता तीच अंथरुणाला खिळली होती. हातपाय लुळे पडत, नजरेत बिघाड होई, आणि काही काळ तर तिला स्वतःची जर्मन भाषाच बोलता येईनाशी होऊन ती फक्त इंग्रजीत बोले. ब्रॉयर संध्याकाळी येऊन बसत आणि ती मनात साचलेले सांगे. एका उन्हाळ्यात तिला पाण्याचा घोट घेववेना. तहान फळांवर भागवावी लागे. एक दिवस तिने सांगितले, की घरातील एका बाईचे कुत्रे पेल्यातून पाणी पिताना आपण पाहिले होते आणि शिष्टाचारापायी त्या वेळी गप्प बसलो होतो. तो सारा संताप बोलून टाकल्यावर तिने पाणी मागितले आणि ती प्याली. ह्या प्रकाराला 'बोलण्याचा उपचार' हे नाव तिनेच दिले, आणि थट्टेच्या सुरात 'धुराडे झाडणे' असेही म्हटले. म्हणजे नाव रोग्याने ठेवले आणि कीर्ती वैद्यांनी मिळवली!

१८९५ साली ब्रॉयर आणि फ्रॉइड ह्यांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ती 'आना ओ.' ह्या नावाने आली. तिचे खरे नाव बेर्था पापेनहाइम. ग्रंथ वाचून ती पूर्ण बरी झाली असे वाटते. परंतु १८८२ च्या जूनमध्ये ब्रॉयर ह्यांचा उपचार संपला आणि त्याच उन्हाळ्यात तिला स्वित्झर्लंडमधील एका आरोग्यधामात ठेवावे लागले. तिला बरे व्हायला पुढची काही वर्षे लागली. नंतर ह्याच बाईंनी १९०४ साली जर्मनीतील ज्यू स्त्रियांची संघटना उभी केली, अनाथ मुली आणि फसवल्या गेलेल्या स्त्रिया ह्यांच्यासाठी आयुष्य वेचले, आणि १९५४ साली पश्चिम जर्मनीने त्यांचे चित्र टपालाच्या तिकिटावर छापले. पहिल्याच भेटीत किंवा पहिल्याच उपचारात गाठ सुटावी अशी अपेक्षा जो धरतो, त्याने ह्या बाईंचे चरित्र पाहावे.

ह्याच ग्रंथात आणखी एक बाई आहेत. फ्रॉइड त्यांना एकामागून एक प्रश्न विचारीत होते. बाई वैतागल्या आणि त्यांनी डॉक्टरांना स्पष्ट सुनावले, की सारखे हे कोठून आले, ते कोठून आले असे विचारू नका, मला जे सांगायचे आहे ते सांगू द्या. फ्रॉइड गप्प राहिले. त्यांच्या मोठेपणाचा मला वाटणारा एक पुरावा हा, की ही स्वतःची कानउघाडणी त्यांनी छापून ठेवली.

१९१३ साली फ्रॉइड ह्यांनी उपचाराच्या प्रारंभाविषयी एक निबंध लिहिला. आजच्या आपल्या विषयाचा तो आद्य दस्तऐवज म्हटला पाहिजे. त्याची सुरुवात बुद्धिबळाच्या दाखल्याने होते: पुस्तकातून शिकता येतात ते डावाचे आरंभ आणि शेवट, मधला खेळ ज्याचा त्याने खेळायचा. पुढे ते एकेक व्यवहाराची गोष्ट घेतात. नव्या माणसाला ते आधी एकदोन आठवड्यांच्या बोलीवर घेत. ह्या काळात उपचार त्याला मानवतो की नाही हे दोघांनाही कळावे, असा हेतू. पहिल्या भेटीत कोणी कोणाला बांधला जात नाही ही आजची रीत तेथून चालत आली आहे. प्रत्येकाला रोजचा एक तास नेमून दिलेला असे. तो तास त्या माणसाचा, मग तो येवो अथवा न येवो, पैसे द्यावेच लागत. हे ऐकून आपल्यापैकी काही जण भुवया उंचावतील. परंतु शिकवणीच्या मास्तरांना आपण हेच तत्त्व लावतो. फीविषयी तर ते फार सरळ बोलतात. सभ्य माणसे पैशाच्या गोष्टी कामवासनेच्या गोष्टींप्रमाणेच लपवून, दांभिकपणे हाताळतात. तेव्हा वैद्याने स्वतःच आकडा मोकळेपणी सांगून रोग्यापुढे उदाहरण घालावे, हा त्यांचा मुद्दा. समुपदेशकाने पहिल्याच दिवशी फी सांगितली तर तो पैशाचा लोभी, अशी समजूत आपण करून घेऊ नये.

रोगी निजलेला आणि वैद्य त्याच्या मागे बसलेला, हे चित्र आपण व्यंगचित्रांतून पाहतो आणि घाबरतो. त्या कोचाचे एक कारण फ्रॉइड ह्यांनी फार प्रांजळपणे दिले आहे. दिवसाचे आठ तास लोकांनी आपल्या तोंडाकडे टक लावून पाहावे, हे त्यांना सोसत नसे! तो कोच आज लंडनमध्ये, १९३८ साली ते नाझींच्या तावडीतून सुटून ज्या घरात राहावयास आले त्या घराच्या संग्रहालयात, इराणी गालिचा पांघरून पडला आहे. आजच्या बहुतेक समुपदेशकांच्या खोलीत दोन साध्या खुर्च्या असतात. आणि "किती दिवस लागतील?" ह्या प्रश्नावर त्यांनी इसापाच्या एका गोष्टीचा आधार घेतला. गाव किती दूर, असे विचारणाऱ्या वाटसरूला तत्त्वज्ञ म्हणतो, आधी चालू लाग. तुझे पाऊल केवढे पडते ते पाहिल्याशिवाय कसे सांगू?

समुपदेशन ह्या शब्दाचा उगम मात्र रोगाच्या नव्हे, तर रोजगाराच्या दारात आहे. १९०८ च्या जानेवारीत अमेरिकेत बोस्टन येथे फ्रँक पार्सन्स ह्यांनी तरुणांना व्यवसाय निवडण्यास मदत करणारी कचेरी उघडली. येणाऱ्याने आधी शंभराहून अधिक प्रश्नांच्या यादीवर स्वतःचा विचार करून यावा, अशी पद्धत. त्याच साली पार्सन्स वारले आणि त्यांचे पुस्तक १९०९ मध्ये त्यांच्या मागे निघाले. पहिल्या भेटीच्या वेळी आज हातात येणारा छापील कागद पाहिला म्हणजे मला हे गृहस्थ आठवतात.

ह्या दोन धारा एकत्र आणणारा माणूस म्हणजे कार्ल रॉजर्स. हे शेतीचा अभ्यास सोडून धर्मशास्त्राकडे आणि धर्मशास्त्र सोडून मानसशास्त्राकडे आलेले. १९२८ पासून बारा वर्षे रॉचेस्टर शहरात ते अवघड मुलांच्या प्रश्नांवर काम करीत होते. त्या काळची एक हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. एक बाई आपल्या अत्यंत व्रात्य मुलासाठी येत असत. आईच्या मनात मुलाविषयी पहिल्यापासून नकार आहे, हे रॉजर्स ह्यांचे निदान पक्के झाले होते. ते बाईंना पटवून देण्यासाठी त्यांनी भेटींमागून भेटी खर्च केल्या. बाई ऐकत, पण काही हलेना. अखेर रॉजर्स ह्यांनी हात टेकले. आपण दोघांनी प्रयत्न केला, आता थांबू या, असे सुचवले. बाईंनी होकार दिला, हस्तांदोलन केले, दारापर्यंत गेल्या. आणि तेथून वळून त्यांनी विचारले, की येथे मोठ्या माणसांनाही घेता का? रॉजर्स हो म्हणाले. बाई परत येऊन बसल्या आणि नवऱ्याशी बिनसलेल्या संसाराची, स्वतःच्या अपयशाची अशी कहाणी त्यांच्या तोंडून वाहू लागली, की इतक्या दिवसांच्या त्या कोरड्या माहितीशी तिचे काही नातेच नव्हते. खरा उपचार त्या क्षणी सुरू झाला, असे रॉजर्स म्हणतात.

सज्जनहो, ती बाई दारातून तशीच निघून गेली असती तर? हिशेबाच्या वहीत 'प्रकरण समाप्त' अशी नोंद झाली असती, आणि दोष बाईंच्या माथी बसला असता. कोठे दुखते हे ज्याचे दुखते त्यालाच ठाऊक असते, आणि कोणत्या दिशेने जायचे हेही बरेचसे त्यालाच. हा धडा रॉजर्स ह्यांनी त्या दारात घेतला. १९४२ साली त्यांचे समुपदेशनावरचे पुस्तक निघाले. त्यात येणाऱ्याला ते 'रोगी' न म्हणता 'क्लायंट' म्हणतात. वकिलाकडे जाणारा अशील आपला निर्णय वकिलाच्या हवाली करीत नाही, तसे हे. त्याच पुस्तकात एका अशिलाच्या सर्व भेटींचे शब्दशः टिपण छापले आहे. त्या वेळी ध्वनिमुद्रण तबकड्यांवर होई आणि थोड्याथोड्या मिनिटांनी तबकडी बदलावी लागे; ह्या सगळ्या खटाटोपातून पहिल्यांदाच बाहेरच्या जगाला बंद खोलीतले संभाषण वाचावयास मिळाले. आणि काय आढळले? सल्ला देण्याच्या पंथाचे समुपदेशक येणाऱ्यापेक्षा स्वतःच कितीतरी अधिक बोलत होते. ही खोड आपल्या ओळखीच्या पुष्कळ मंडळींना आहे, व्याख्यात्यांना तर विशेष.

रॉजर्स ह्यांच्या पद्धतीची एक मर्यादाही सांगितली पाहिजे. केवळ ऐकून घेतल्याने प्रत्येकाचे भागत नाही. १९६० नंतर फिलाडेल्फियात एरन बेक ह्यांनी दुसरा रस्ता धरला. ते मूळचे फ्रॉइड परंपरेतले. माणूस जे बोलतो त्याच्या खालून 'मी निरुपयोगी आहे', 'ह्यांना माझा कंटाळा आला असेल' अशा विचारांचा एक झरा वाहत असतो, हे त्यांच्या ध्यानात आले. ते विचार पकडावयाचे, कागदावर मांडावयाचे आणि पुराव्याच्या कसोटीला लावावयाचे, ही त्यांची रीत. म्हणून आज एखादा समुपदेशक पहिल्याच भेटीत आठवडाभराचा गृहपाठ देतो. शाळा सुटून तीस वर्षे झालेल्या माणसाला त्याचे हसू येते; पण करून पाहावा.

लंडनमधील चॅड वारा ह्या धर्मोपदेशकाची गोष्ट मला ह्या साऱ्यात सर्वांत अधिक भावते. १९३५ साली, नवखे असताना, त्यांना एका कोवळ्या मुलीचा अंत्यविधी करावा लागला. तिला प्रथमच ऋतू प्राप्त झाला होता, आणि आपल्याला घाणेरडा रोग जडला अशा समजुतीने तिने जीव दिला होता. विचारायला तिला कोणी नव्हते. ही जखम मनात घेऊन अठरा वर्षांनी, १९५३ च्या नोव्हेंबरात, त्यांनी आपल्या चर्चमध्ये अशा हताश माणसांसाठी टेलिफोन सुरू केला. माणसे प्रत्यक्षही येऊ लागली. त्यांना थांबावे लागे, म्हणून काही स्वयंसेवक बाहेर बसून त्यांना चहा देत, त्यांच्याजवळ बसत. थोड्याच दिवसांत वारा ह्यांना दिसले, की पुष्कळ जण चहा पिता पिता स्वयंसेवकांशीच बोलून मोकळे होतात आणि त्यांना न भेटताच निघून जातात. दुसऱ्या कोणाला ह्याचा राग आला असता. वारा ह्यांनी १९५४ च्या फेब्रुवारीत टेलिफोनच स्वयंसेवकांच्या हाती दिला. 'समॅरिटन्स' ही संस्था ती.

आपल्या देशात ह्या विद्येचे पाऊल फार लवकर पडले, हे आपण विसरतो. कलकत्त्यात गिरींद्रशेखर बोस ह्यांनी १९२२ साली आपल्या पारशी बागान गल्लीतील घरी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापली. फ्रॉइडशी त्यांचा पत्रव्यवहार त्याआधीच सुरू झाला होता, प्रत्यक्ष भेट मात्र कधीच झाली नाही. १९३३ साली कलकत्त्याच्या कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी मानसिक रुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग चालू केला. वेड्यांच्या इस्पितळाची पायरी न चढता साध्या दवाखान्यात मनाचे दुखणे दाखवता यावे, ह्याचे महत्त्व केवढे ते सांगावयास नको. मुंबईत १९३६ साली निघालेल्या टाटा समाजकार्य विद्यालयाने दुसऱ्याच वर्षी मुलांसाठी मार्गदर्शन केंद्र काढले. आणि रघुनाथ धोंडो कर्वे! १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिकातून ते वाचकांच्या अशा शंकांना उत्तरे देत होते, की ज्या त्या लोकांना घरात, दारात, वैद्यापुढे, कोठेच उच्चारता आल्या नसत्या. त्यांच्यावर खटले झाले, लोकांनी नावे ठेवली, आणि नावे ठेवणाऱ्यांपैकी किती जण गुपचूप मासिक वाचत असतील कोण जाणे. इंग्लंडमधील त्या मुलीला असा एक कर्वे भेटला असता तर, हा विचार मनात येतोच.

अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर ह्यांनी १९५० नंतरच्या दशकात जागा अपुरी म्हणून आवारात तंबू ठोकले आणि रोग्यांच्या नातेवाइकांना तेथेच राहावयास बोलावले. पाश्चात्त्य पद्धतीत माणूस एकटा आत जातो. आमच्याकडे आई, काका आणि मेव्हणा बरोबर असतात. ही सोबत टाकाऊ नाही, हे विद्यासागरांनी दाखवले. तरीही माझे मत विचाराल तर, पहिल्या भेटीतला काही वेळ तरी माणसाला एकट्याने मिळाला पाहिजे. काकांसमोर खरे बोलणारी सून मी अद्याप पाहिलेली नाही.

अगदी अलीकडचा टप्पा गोव्याचा. तेथील 'संगाथ' ह्या १९९६ साली स्थापन झालेल्या संस्थेने प्रश्न असा घातला: मानसोपचारतज्ज्ञ मूठभर, दुःखी माणसे अगणित, मग साध्या शिकलेल्या स्थानिक माणसांना शिकवून हे काम करता येईल काय? २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत सरकारी आरोग्यकेंद्रांत अशा समुपदेशकांचा रोग्यांना चांगला उपयोग झालेला दिसला. खासगी दवाखान्यांत तसा फरक आढळला नाही. २०१७ साली तीव्र नैराश्याच्या सुमारे ५०० रोग्यांवरील दुसरी पाहणी निघाली. त्यात सहा ते आठ भेटींचा आटोपशीर उपचार होता. तो घेतलेल्यांपैकी तीन महिन्यांनी १०० मागे ६४ जण नैराश्यातून बाहेर आले. केवळ नेहमीचे उपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ३९ होते. हे समुपदेशक मोठमोठी रोगनामे घेत नसत. लोक ज्याला 'टेन्शन' म्हणतात त्याला तेही 'टेन्शन'च म्हणत.

आता त्या गृहस्थांच्या प्रश्नाकडे येतो. आत काय होते? बहुधा पाऊण तासाची किंवा त्याहून पाच मिनिटे अधिक अशी बैठक असते. आधी एक कागद भरावा लागतो. मग समुपदेशक विचारतो, कशासाठी आलात? ह्याला व्यवस्थित उत्तर तयार नसले तरी चालते, बहुतेकांचे नसतेच. झोप, भूक, घरची माणसे, पूर्वीचे आजार, चालू औषधे, दारू ह्यांविषयी प्रश्न येतात. जीव देण्याचे विचार मनात येतात का, हेही सरळ विचारले जाते. ह्या प्रश्नाने दचकू नये. विचारल्यामुळे तो विचार मनात पेरला जात नाही, उलट ज्याच्या मनात तो असतो त्याला हायसे वाटते. रडू आले तर कोणी अडवत नाही. मध्येच शांतता पडली तर ती भरून काढण्याची जबाबदारी तुमची नव्हे. नवऱ्याला सोडू का, नोकरी बदलू का, ह्याचा निकाल मिळत नाही, आणि त्यामुळे पहिल्या दिवशी पुष्कळ लोक किंचित निराश होऊन, थकून बाहेर पडतात. काहींना त्या रात्री अधिकच उदास वाटते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नेमक्या त्याच रात्री दुसऱ्या भेटीला न जाण्याचा निश्चय होत असतो.

औषध समुपदेशक देत नाही. ते काम मनोविकारतज्ज्ञ डॉक्टरांचे, आणि गरज वाटल्यास तो तुम्हाला त्यांच्याकडे पाठवील. गुप्ततेविषयी पहिल्याच भेटीत विचारून घ्यावे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आला आणि त्याने उपचार घेणाऱ्याला गुप्ततेचा हक्क दिला. त्याला अपवाद आहेत: कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा न्यायालयाचा हुकूम असेल तर, आणि बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती कळली तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ती कळवावीच लागते. समुपदेशकाचे शिक्षण कोठे, किती झाले हेही खुशाल विचारावे. ह्या विषयाची पाटी लावून बसणाऱ्यांत तयारीचे लोक आहेत, तसे आठवड्याच्या शिबिरावर भागवलेलेही आहेत. २०२१ च्या कायद्याने अनेक प्रकारच्या समुपदेशकांना नोंदणीच्या कक्षेत आणले आहे. परंतु कायदा कागदावर आला म्हणजे आपली चौकसबुद्धी गुंडाळून ठेवावी असे नाही. प्रश्न विचारल्याचा ज्याला राग येतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. दोनतीन भेटींत सूर जुळला नाही तर माणूस बदलावा. फ्रॉइड ह्यांच्या त्या एकदोन आठवड्यांच्या बोलीचा अर्थ हाच होता.

आणि ज्याला दारापर्यंत जाणेच जड वाटते, त्याच्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही दूरध्वनी सेवा आहे. क्रमांक १४४१६. पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. गेल्या वर्षी हा क्रमांक माझ्या जिभेवर नव्हता. ते गृहस्थ आज सभागृहात असतील तर त्यांनी तो आपल्या मित्रासाठी लिहून घ्यावा. आणि मंडपाबाहेर मी आजही थोडा वेळ थांबणार आहे.